मुकी राई

चपला इथंच काढा, आणि बोलायचं ते झऱ्यापर्यंत बोलून घ्या. पुढे कुणी बोलत नाही. म्हणून हिला मुकी राई म्हणतात. डावी पाऊलवाट माझ्या गावाची, धामणीची; उजवी आंबेशेताची. आत देऊळ नाही. झऱ्याकाठी सपाट दगड आहेत. ज्याचा ताप हटत नाही, जखम भरत नाही, ज्याचं मन ठिकाणावर नाही, अशा माणसाला दोन्ही गावं इथं आणून निजवतात. दवाखाना करतात, पण इथंही आणतात. नेम एकच. धामणीच्या आजाऱ्याला पाणी आंबेशेतानं पाजायचं, आंबेशेताच्या आजाऱ्याला धामणीनं. आणि पाजताना बोलायचं नाही.

याचं कारण असं सांगतात.

फार जुन्या काळी रायाजी हा धामणीचा पाटील होता. किल्ल्यावर तोफा ओतायच्या होत्या, म्हणून किल्लेदारानं त्याच्याकडे कोळसा मागितला. रायाजीनं गावाभोवतीचं रान तोडलं आणि घरांना लागूनच भट्ट्या पेटवल्या. रान संपलं तशी त्याची नजर या राईवर गेली. पण आंबेशेत इथल्या झऱ्यावर जगत होतं, आणि राईची राखण त्या गावच्या धाकू गुरवाकडे होती.

चैत्रात रायाजी साठ माणसं घेऊन आला. धाकू आडवा झाला. म्हणाला, "पाटील, झरा आटला तर आम्ही जायचं कुठं?"

 रायाजीचा मुलगा सुभाना पुढे झाला आणि त्यानं धाकूच्या मानेवर कुऱ्हाड घातली. धाकूची बायको भिवरा दहा पावलांवर उभी होती.

मग आंबेशेत कोयते, दगड घेऊन तुटून पडलं. कुणाचा हात तुटला, कुणाचं पोट फाटलं. झऱ्याचं पाणी दुपारपर्यंत लाल वाहत होतं, म्हणे. अकरा माणसं जागीच मेली. धामणीकरांनी आपले जखमी उचलून नेले. सुभाना मात्र त्यांना सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराला तो झऱ्यापलीकडे करवंदीच्या जाळीत दिसला. मांडी हाडापर्यंत चिरलेली, अंगावर माश्या. तिच्या हातात कोयता होता. तो म्हणाला, "मार. पण आधी पाणी दे."

तिनं ओंजळीनं पाणी पाजलं. आता हा आपोआप मरेल, असं तिला वाटलं. म्हातारपणी ती स्वतःच तसं सांगायची, म्हणतात. रोज ती तो मेला का हे बघायला यायची, हातात कोयता घेऊनच. तो मरत नव्हता. सरपटत झऱ्याशी जायचा, जखम धुवायचा, सावलीत पडून राहायचा. तिसऱ्या दिवशी तिनं पेजेचं मडकं त्याच्याजवळ ठेवलं आणि घरी जाऊन आपलंच कपाळ भिंतीवर आपटून घेतलं. त्याच्याशी ती एक शब्द बोलली नाही.

तिकडे धामणीत जखमी माणसं कोंदट घरांत निजली होती. बाहेर भट्ट्या धुमसत होत्या. धुरानं श्वास कोंडायचा, काजळी पाण्यात, जखमेत बसायची. जखमा सडल्या. नवव्या दिवशी शेवटचा जखमी गेला. त्याला जाळून रायाजी तसाच पलिते घेऊन राईवर आला. मुलगाही मेला, असंच तो धरून चालला होता.

झऱ्याशी त्याला भिवरा दिसली. त्यानं तिच्यावर कुऱ्हाड उगारली. तेवढ्यात जाळीतून सुभाना लंगडत आला, त्यानं तिच्या हातचा कोयता हिसकला आणि बापाच्या मनगटावर घातला. पंजा कुऱ्हाडीसकट खाली पडला.

रायाजी मुलाकडे बघतच राहिला. मुलगा उभा होता, हे त्याला कळायलाच वेळ लागला. रक्ताची धार लागली होती. भिवरानं पदर फाडून त्याचं मनगट करकचून आवळलं, आणि तेव्हा एकदाच ती बोलली.

"तुझी माणसं घरात मेली. माझ्या नवऱ्याला मारणारा इथं जगला. आता तोड, काय तोडायचं ते."

रायाजीनं पलिते झऱ्यात बुडवले. तोही इथंच महिनाभर पडून बरा झाला, असं सांगतात. भट्ट्या विझल्या. किल्लेदाराची माणसं कोळसा मागायला आली, तेव्हा वाट अडवणाऱ्यांत सुभाना पुढे होता. तिथंच भाला छातीत घुसून तो पडला. भिवरानं त्याला माफ केलं, असं मात्र कुणीच सांगत नाही.

आजही राईत कोयता-कुऱ्हाड येत नाही. पाहुण्यांना वाटतं, लोक भक्तीनं गप्प राहतात. तसं नाही. गेल्या साली माझ्या सुनेचं तान्हं मूल गेलं. ती जेवेना, बोलेना. बारा दिवस तिला इथं निजवली. पाणी पाजायला आंबेशेताची जी बाई यायची, तिच्या घराशी आमचा बांधाचा खटला आहे. तिच्या दिरानं माझं डोकं फोडलंय. ती रोज यायची. सुनेचं डोकं मांडीवर घ्यायची, पाणी पाजायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. तेराव्या दिवशी सुनेनं भाकरी मागितली.