झाडून ठेवलेलं शेत

मला जातक, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्माची गोष्ट, सांगता येत नाही, असं मी भन्तेजींना तीनदा सांगितलं. चौथीपुढं शाळा नाही माझी. तरी विहारातल्या बायकांनी वही आणून पुढ्यात आपटली. आता लिहितो तसं वाचा. दुरुस्त्या नकोत.

फार मागं, गोदावरीकाठच्या पोतन नगरात वीरसेन राजा गादीवर असताना बोधिसत्त्व त्याचे कोठारी होते. धान्याच्या कोठाराची किल्ली त्यांच्या कमरेला असे. राजाला कोठार भरलेलं बघायची भारी हौस. यंदा त्याला हात लागला नाही तर तुम्हाला प्रधान करीन, असं त्यानं बोधिसत्त्वांना सांगून ठेवलं होतं.

त्या साली गहू पिवळा झाला आणि गारपीट झाली. वाळकी नावाच्या खेड्यात उभं पीक भुईला चिकटलं. वर दोन दिवस पाऊस. दाणा काळा पडला, खायच्या कामाचा नाही आणि पेरायच्याही नाही. पीक गेलं तर कोठारातून बियाणं द्यायचं, असा राज्याचा नियम होता. पण आधी राजाचा माणूस येऊन शेत बघणार. बियाणं मिळालं नाही तर वाळकीची पुढची पेरणी बुडणार होती.

आता या गावानं काय केलं बघा. राजाचा माणूस म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यापुढं घाण ठेवायची नाही ही त्यांची रीत. सगळ्यांनी मिळून आडवा गहू कापला, उचलला, वावरं झाडली, खळी शेणानं सारवली, वेशीला तोरण बांधलं. कुणी याला मूर्खपणा म्हणेल. मी म्हणत नाही.

पाहणीला भद्रक नावाचा अधिकारी आला. पालखीतून खालीसुद्धा उतरला नाही. बसल्या बसल्या गूळपाणी घेतलं आणि म्हणाला, "नुकसान झालं असतं तर शेत इतकं स्वच्छ असतं का?" वाळकीचे लोक लबाड आहेत, असं लिहून तो निघून गेला.

गावात सोमा नावाची म्हातारी होती. तिचं वावर सगळ्यांत स्वच्छ. लोक तिला म्हणाले, आजी, तू राजवाड्यात जा, चार टिपं गाळ. ती म्हणाली, "झाडायला सांगितलंत, झाडलं. रडायला सांगू नका."

भद्रकाचं लिखाण कोठारींकडं आलं. त्याखाली नुसता शिक्का मारला असता तरी प्रधानकी घरी चालत आली असती. ते पायी वाळकीला निघाले. वावराकडं गेलेच नाहीत, सरळ सोमाच्या गोठ्यात शिरले. गव्हाणीत गव्हाच्या ओंब्या पडल्या होत्या. शेतकरी जनावराला काड घालतो, दाण्यानं भरलेली ओंबी कधी घालत नाही. त्यांनी एक ओंबी चोळली. तळहात काळा झाला. बैलानंही ती हुंगून सोडली होती.

"माय, हे अधिकाऱ्याला का दाखवलं नाहीस?"

"पाहुण्याला कुणी गव्हाण दाखवतं का, बाबा?"

तो काळा दाणा त्यांनी राजापुढं ठेवला. राजा म्हणाला, बरं, दया म्हणून देऊ, त्यांना इथं येऊन हात पसरू दे.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, पिकाचा सहावा वाटा आपण घेता, म्हणजे आपण त्या शेताचे वाटेकरी. गारा आपल्याही वाट्यावर पडल्या आहेत. वाटेकरी बियाणं देतो, भीक घालत नाही." आणि त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढं ठेवली. "प्रधान दुसरा करा. कोठार आज उघडा."

राजानं ती किल्ली उचलली. मग त्यानं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं.

बियाण्याच्या गाड्या वाळकीत गेल्या तेव्हा कुणी पायावर लोळण घेतली नाही. सोमानं पोत्यातले चार दाणे चावून बघितले, चांगलं आहे म्हणाली, आणि गाडीवानांना जेवायला बसवलं.

तेव्हाचा भद्रक म्हणजे बुद्धाशी वैर धरणारा देवदत्त. राजा म्हणजे त्यांचा शिष्य आनंद. सोमा म्हणजे उत्पलवर्णा भिक्षुणी. आणि कोठारी स्वतः तथागत होते. घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता दिलं, ते दान. दान पारमिता म्हणतात ती ही.

आता राहिलं एक. भद्रकाचं ते वाक्य मागच्या गारपिटीत माझ्या हरभऱ्याच्या वावरात, पंचनाम्याला जमलेल्या लोकांसमोर, आपल्याच गावातल्या एकानं जसंच्या तसं म्हटलं. मीही वावर झाडून ठेवलं होतं, आणि त्याची मला आजही लाज नाही. तो माणूस विहारात पहिल्या रांगेत बसतो. त्यानं अजून माफी मागितलेली नाही.

सोनाजी पाईकराव.