हिवाळदऱ्यातली न फोडलेली भिंत

ही पुरुषभर उंच दगडी भिंत बघताय ना? खाली द्राक्षांचे मळे, वर नुसतं कुसळ. हिवाळदऱ्यात येणारा जो तो विचारतो, वरच्या अंगाला वेल का नाही? अहो, हात नका लावू भिंतीला! लांबूनच ऐका.

फार पूर्वी इथं ठकूबाई नावाची विधवा राहायची, असं सांगतात. धनी गेला तसा वरच्या मळ्यातला तिचा धाकटा दीर गोंदाजी तिच्या वेलींवर टपून बसला. बाईमाणसाला द्राक्षाची दारू करता येते होय, असं चारचौघांत म्हणायचा मेला. शेवटी पंचांनी निकाल दिला: यंदा ठकूचा रांजण दारूनं भरला तर मळा तिचा, नाही तर तिनं माहेरची वाट धरावी. माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं.

त्या साली हाडं गोठवणारी थंडी पडली. गोंदाजीनं वेलींत शेकोट्या पेटवल्या आणि ठकूला सरपणाची काडी मिळू दिली नाही. तेवढ्यानंही त्याचं पोट भरेना! आपल्या शेकोटीची ऊब वहिनीच्या वेलींना लागेल, म्हणून त्यानं मधे ही भिंत घातली. एकेक फट मातीनं लिंपली, म्हणे. ठकू त्याच्या नावानं बोटं मोडत वेलींवर जुनी लुगडी पांघरत राहिली.

पण थंडी पाण्यासारखी उताराला धावते. भिंतीशी ती अडली नि वरच तुंबली. एका सकाळी गोंदाजीचे निम्मे घड काळे पडले. खाली ठकूचे जसेच्या तसे!

गोंदाजी पहार घेऊन धावला. ठकू विळा घेऊन आडवी झाली. भगदाड पडतं, तर सगळी थंडी तिच्या वेलींवर आली असती.

"वहिनी, उरलेले घड तरी वाचू दे."

"भाऊजी, थंडी तुमची, भिंतही तुमची. सांभाळा!"

ठकूचा रांजण काठोकाठ भरला. पंचांनी मळा तिला दिला, वर आणखी काही हवं तर माग म्हणाले. तिनं एवढंच मागितलं: ही भिंत फोडायची, तर आमच्या घरच्या बाईला विचारूनच.

आजही द्राक्षं खुडून झाली, की गोंदाजीच्या घरचा कर्ता पुरुष पलीकडून हात जोडून विचारतो, "भगदाड पाडू का?" आमच्या घरची थोरली बाई "नाही" म्हणते. मगच बाया द्राक्षं तुडवायला हौदात उतरतात.