मोराने पाहिलेलं तळं

रानातल्या झऱ्याचं पाणी कुठल्या तळ्याला सोडायचं, हे हत्तीच्या दरबारात ठरायचं, त्या काळची ही गोष्ट. आमराईच्या तळ्यातर्फे खेकडा बोलायला जाई. अंगावरचा चिखल न धुता जायचं, ही तिथली रीत. चिखल पाहूनच हत्ती तळ्याची तहान ओळखी.

खेकडा वारला, तेव्हा डोंगरावरचा मोर येऊन म्हणाला, "मला पाठवा. माझं वजन पडेल."

बेडकं भाळली. म्हाताऱ्या कासवीला मात्र चिखलाने माखलेला खेकडा आठवला. ती म्हणाली, "बाबा, निदान चिखल तरी लावून जा."

"पिसाऱ्याला? काहीतरीच काय आजी!"

दरबारात हत्तीने विचारलं, "तळ्यात पाणी आहे ना?"

"आहे की! माझा अख्खा पिसारा दिसतो त्यात."

झरा दुसऱ्या तळ्याकडे वळला.

वैशाखात तळाला भेगा पडल्या. कासवी ओल शोधत सरकत राहिली. ओल सापडली ती एकाच जागी, खेकड्याच्या जुन्या बिळात. तिथे डोकं टेकून ती पुटपुटली, "तिरका चालायचास म्हणून आम्ही हसायचो रे तुला. पण दरबाराला निघायचास इथूनच."