वालातला तुकडा

“तसं नाही, तसं नाही. मग कसं? हे कोणीच का सांगत नाही?”

फ्लेव्हियाने डबा फादर काइतान यांच्या टेबलावर आपटला. झाकण उडून खाली पडलं. डब्यात घोटलेले वाल होते, आणि वालात डुकराचं मटण.

फादर काइतान तिच्या आईचे, सिसिलचे, थोरले भाऊ. सगळं आयुष्य निरनिराळ्या चर्चमध्ये काढून आता वसईला, घरच्या केळीच्या बागेत, एका खोलीत एकटे राहायचे. लोक त्यांच्याकडे सल्ला मागायला यायचे आणि बहुतेक वेळा सल्ल्यावाचून परत जायचे. तरी पुन्हा का यायचे, हे फ्लेव्हियाला कधी कळलं नव्हतं. ती त्यांना फादरमामा म्हणायची.

त्यांनी वाकून झाकण उचललं. पुसलं.

“इनास काय म्हणाला?”

“पापा काय म्हणणार? दोन घास खाल्ले. तसं नाही झालं म्हणाले. ताट सरकवलं आणि उठले.”

“मग?”

“मग काय. मी ताट उचललं.”

फादरमामांनी मान हलवली. कशासाठी ते कळलं नाही.

रविवारी चर्चमध्ये आईच्या वर्षाचा मिस्सा, तिच्यासाठीची प्रार्थना होती. मिस्सा झाल्यावर घरी जेवण. आई गेल्यापासून पापा जेवायला बसत आणि न जेवता उठत. शर्ट खांद्यावरून घसरू लागले होते. वर्षभरात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, तीही चार दिवसांपूर्वी, भिंतीकडे बघत. रविवारी तिचे वाल कर.

फ्लेव्हिया हो म्हणाली होती. आणि आता तिला ते वाल येत नव्हते.

तिने आत्यांना विचारलं. थोरली म्हणाली, हाताला आपोआप कळतं. धाकटी म्हणाली, तुझं लग्न झालं की जमेल. फ्लेव्हियाने अन्नशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि ती एका प्रयोगशाळेत लोकांच्या लोणच्यातलं मीठ तपासायची. हाताला आपोआप काही कळतं यावर तिचा विश्वास नव्हता. लग्नाबद्दल ती बोललीच नाही, कारण बोलली असती तर आत्या रविवारी आली नसती.

“वाल कडवेच घेतले,” ती म्हणाली. “भिजवले, मोड आणले, एकेक सोलला. मसाला आईच्याच बरणीतला, तिनेच कुटलेला. मटण चरबीचं आणलं, चांगलं किलोभर. काटकसर केली नाही. आता काय कमी आहे ते सांगा.”

“बस.”

“बसायला आले नाही मी. चव बघा आणि सांगा.”

फादरमामांनी ताटली घेतली, चमचा घेतला. सगळं इतकं सावकाश, की फ्लेव्हियाने खुर्ची ओढली आणि शेवटी बसलीच.

त्यांनी एक घास खाल्ला. डोळे मिटले.

मग चमच्याने मटणाचा एक तुकडा बाजूला काढला आणि ताटलीच्या कडेला ठेवला. दुसरा काढला. तिसरा. ताटलीच्या कडेने तुकड्यांची रांग लागली.

दारातली मांजर आत आली. एक तुकडा तिला मिळाला.

“हिला आवडलं,” ते म्हणाले.

“मांजरीचं मत नको आहे मला.”

“मटण उत्तम शिजलंय.”

“मग बाहेर का काढताय?”

“दिसतंय म्हणून.”

“दिसणारच ना! किलोभर घातलंय.”

“सिसिलच्या वालात कधी दिसलं होतं?”

फ्लेव्हियाने ताटलीच्या कडेच्या तुकड्यांकडे बघितलं.

…

नव्हतं दिसलं. आईच्या वालात तुकडा कधीच दिसायचा नाही. ताटात नुसते वाल, पिवळट, जाड, चरबीने चकाकणारे. भाकरीचा घास मोडून खात जायचं, आणि मध्येच तुकडा दाताखाली यायचा. येईल की नाही, माहीत नसायचं. आला की गप्प बसायचं, नाहीतर भाऊ ताटात हात घालायचा.

तेव्हा घरात आजोबा होते, दोन्ही आत्या होत्या, भावंडं होती. मटण अर्धा किलो यायचं.

“सगळ्यांच्या ताटात सारखंच दिसायचं,” ती हळूच म्हणाली.

“म्हणून घोटायचे. आमच्याकडेही तसंच होतं. आम्ही आठ भावंडं. न घोटता वाढलं असतं तर आईला मारामारी सोडवत बसावं लागलं असतं.”

“एवढंच?” फ्लेव्हिया उठली. डोळे चमकले. “मग हे आत्यांना सांगायला काय झालं होतं? मटण कमी, वाल जास्त, आणि जास्त घोटायचं. अर्धा किलोही नको, आता खाणारी तोंडं कमी. पाव किलो पुरे.”

ती डब्याला झाकण लावू लागली.

“सिसिलच्या दाताखाली किती यायचे?” फादरमामांनी विचारलं.

“काय?”

“तुकडे.”

झाकण नीट बसेना. ती पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

आई जेवायला बसलेली तिला आठवेना. उभी असलेली आठवली. चुलीशी, पाठमोरी, डाव्या हातात पातेलं कलतं धरून. भाकरीच्या तुकड्याने पातेलं पुसून घ्यायची. बसून जेव म्हटलं की म्हणायची, मला खरवडलेलंच आवडतं.

“आईला पोर्क फारसं आवडायचं नाही,” फ्लेव्हिया म्हणाली.

फादरमामांनी चमचा ताटलीत ठेवला.

“तीच म्हणायची.”

मांजर ताटलीकडे बघत बसली होती.

“घोटणी जिच्या हातात,” फादरमामा म्हणाले, “तिला माहीत असतं तुकडे कुठे आहेत आणि कोणाच्या ताटात जातात.”

…

फ्लेव्हियाचा चेहरा लाल झाला. ती रडेल असं फादरमामांना वाटलं असेल. ती रडली नाही.

“म्हणजे ती आम्हाला फसवत होती.”

“होती.”

“आणि स्वतःलाही.”

“नाही. स्वतःला नाही.”

“तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

“माझी आईही पातेलंच पुसायची.”

“आणि तुम्ही काय केलं?”

फादरमामांनी खरंच आठवून बघितलं.

“खाल्लं,” ते म्हणाले. “फार छान व्हायचे गं.”

तिने खुर्ची धाडकन मागे सारली. मांजर पळाली. नंतर जे ती बोलली ते बागेच्या बांधापर्यंत ऐकू गेलं असणार. मागच्या पिढ्यांतल्या सगळ्या पुरुषांना तिने एका दमात धुऊन काढलं, आणि त्यात पांढऱ्या झग्यातल्यांना वगळलं नाही. अशाच जेवणावर ते मोठे झाले आणि मग चर्चमध्ये उभे राहून बायकांना त्याग शिकवायला लागले, असं ती म्हणाली. पापा तिथेच बसायचे, पातेल्यापासून हातभर अंतरावर, त्यांना दिसलं नाही का, असंही म्हणाली. आणि आता ती चव हवी म्हणून वर्षभर ताटं सरकवतायत.

फादरमामा ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. ती प्यायली आणि पुढे बोलली.

मग दमली.

“मी हे करणार नाही,” ती म्हणाली. “स्पष्ट सांगते. मी सकाळी सहाला उठून वाल सोलते. मलाही भूक लागते. मला पोर्क आवडतं. मी उभी राहून पातेलं पुसणार नाही.”

“नको पुसू.”

“मग चव येणार नाही.”

“तुझ्या हातून नाही येणार.”

“पण पापा जेवत नाहीत, फादरमामा…” तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “त्यांचे हात बघितलेत तुम्ही? नुसती हाडं राहिलीत. आत्या आल्या, शेजारी आले, सगळ्यांनी करून बघितलं. त्यांना काय हवंय ते त्यांनाही सांगता येत नाही. मी काय करू?”

फादरमामा उठले. डबा घेऊन मोरीत गेले. उरलेले वाल एका वाडग्यात काढले, कडेला ठेवलेले तुकडे त्यात परत घातले आणि वाडगा झाकून ठेवला. डबा घासला. पंच्याने पुसला, आतून, कोपरे धरून, अगदी कोरडा होईपर्यंत.

मग रिकामा डबा तिच्या हातात दिला.

“रविवारी घोटणी इनासच्या हातात दे,” ते म्हणाले. “आणि तू सगळ्यांच्या आधी जेवायला बस.”