कोतवालाने चोरलेली हाक

मुलांनो, ही गोष्ट गळ्याशपथ खरी आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे मी त्या दिवशी घरीच होतो, पण जे तिथे होते त्यांना तरी काय दिसलं?

एका सागाच्या रानात सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. सगळ्यांनी पाचोळा उलटून अळ्या वेचायच्या आणि एकाने फांदीवर पहारा द्यायचा, ही त्यांची रीत. पहारेकरी "शिक्रा आला" म्हणाला, की चोचीतला घास टाकून सगळे झुडपात. शेजारचा काळा कोतवाल पक्षी नकला करण्यात पटाईत. तो सातभाईंच्याच आवाजात ओरडे, "शिक्रा आला, पळा!" पाखरं पळत, आणि टाकलेल्या अळ्या कोतवाल सावकाश खाई.

थव्यातल्या एका आईचं एकुलतं पिल्लू अशाने उपाशी राहू लागलं. हुबेहूब आईची हाक आली, की बिचारं घास टाकून पळे. त्याच्या पंखांत बळ उरेना. शेवटी आई वैतागून म्हणाली, "बाळा, आता माझा आवाज आला तरी घास सोडू नकोस. तो मेला कोतवालच असतो."

"आणि खरंच तू असलीस तर?"

"आधी खा," आई म्हणाली.

पिल्लू बाळसं धरू लागलं. मग एका सकाळी पहाऱ्यावर आई होती आणि सागाआडून खरोखरच शिक्रा निघाला. आई जिवाच्या आकांताने ओरडली, "शिक्रा आला, पळ!" बाकीचे सवयीने पळाले. पिल्लाने मान वर केली नाही.

"कोतवालकाका, आज नक्कल झकास जमलीय," ते म्हणालं.

"अरे, मीच आहे, तुझी आई!"

"हेही तुम्ही रोज म्हणता."

शिक्र्याने त्याला अळीसकट उचललं.

त्या संध्याकाळी कोतवाल ढसाढसा रडला, आणि पुन्हा कधी खोटं बोलला नाही.

हे शेवटचं वाक्य तेवढं मी पदरचं घातलं, तुम्हांला नीट झोप लागावी म्हणून. खरं असं, की दुसऱ्याच दिवशी कोतवाल पिल्लाच्या आवाजात म्हणाला, "आई, भूक लागली." तो कोण, ते आईला ठाऊक होतं. तरी ती चोचीत अळी घेऊन त्या आवाजाकडे गेली. अजून जाते.

तात्पर्य : लबाड आपला घास नेतो, ते नुकसान भरून येतं, पण त्याच्यापायी आपल्याच माणसाची खरी हाक खोटी वाटू लागते, ते कधीच भरून येत नाही.