तुदाच्या दाराचं मांजरभोक

फार मागच्या काळी, इथून पुष्कळ दूर, सूर्य मावळतो त्या अंगाच्या उंच डोंगरांत एक गाव होतं. तिथल्या लोकांना जग बर्बर म्हणायचं. ते मात्र स्वतःला अमाझिग म्हणवत, म्हणजे मोकळी माणसं.

त्या गावाची एक रीत ऐका. धान्य कोणी घरात ठेवत नसे. कड्यावर साऱ्या गावाचं मिळून एक दगडी कोठार होतं, अगदी किल्ल्यासारखं. आत प्रत्येक घराची एक खोली, खोलीला लाकडी दार आणि दाराला हातभर लांब लाकडी किल्ली. कोणाच्या खोलीत काय आहे, हे दुसऱ्याने विचारायचं नाही. आणि प्रत्येक दाराच्या तळाशी एक गोल भोक. ते मांजरांसाठी, बरं का! कोठाराची मांजरं साऱ्या गावाची. सुगी झाली की त्यांचा वाटा आधी निघायचा. ती या खोलीतून त्या खोलीत फिरत आणि उंदरांना थारा देत नसत.

तिथे तुदा नावाची एक विधवा राहायची. तिची लेक इत्तो. इत्तोचं लग्न वरच्या आळीतल्या हेद्दू नावाच्या बाईच्या मुलाशी ठरलं होतं. पोरांची मनं जुळलेली. तुदाचा जीव सुपाएवढा झाला होता.

पण त्या वर्षी ऐन सुगीत गारा पडल्या. शेतं आडवी झाली. कोणाचं किती वाचलं, रीतीप्रमाणे कोणी विचारलं नाही, आणि आपणहून कोणी सांगितलंही नाही. तुदाकडे उरलं ते बियाण्याच्या जवाचं एक पोतं, आणि तळाला गेलेली कणगी.

एकदा ती दार लावून निघाली, तर शेजारच्या बाईची किल्ली खाली पडली. ती उचलायला बाई वाकली आणि तुदाच्या एकदम ध्यानात आलं. वाकलं की भोकातून आतलं दिसतं! आपल्या घरी खडखडाट आहे हे हेद्दूला कळलं, तर ती इत्तोला सून करून घेईल का?

त्याच दिवशी तिने ओल्या मातीने ते भोक लिंपून टाकलं.

मांजरांना हे काही पटलं नाही. रोजची वाट बंद, आणि आत उंदरांची खुडबुड तर ऐकू येतेय. मग काय, सगळी तिच्या दारासमोर बसून ओरडू लागली.

कोठाराचा राखणदार होता म्हातारा बीहीदादा. तो म्हणाला, "तुदा, तुझ्या दारात मांजरांची पंचायत बसलीय. भोक मोकळं कर पोरी, रीत आहे."

"उद्या करते, दादा."

"कालही उद्याच म्हणाली होतीस."

येणारे-जाणारे बघत होतेच. झऱ्यावर बायका कुजबुजू लागल्या, "गारांनी सगळ्यांचं नेलं, आणि ही दार लिंपून घेते! आत मधाचे रांजण असतील."

"मध कसला? चांदी असेल, चांदी!"

बोलता बोलता तुदाची खोली गावात सगळ्यात भरलेली ठरली. तिच्यासमोर कोणी बोलत नसे, म्हणून तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी हेद्दू तिला गाठायला कोठारात आली. तोंड उतरलेलं.

"तुदा, रागावू नकोस. हे लग्न व्हायचं नाही."

तुदाने तिचा हात धरला. "का गं? माझ्या इत्तोत काय उणं आहे?"

"तिच्यात उणं नाही. तुम्ही मोठी माणसं. ती आमच्यात नांदायची नाही."

तुदाला तो टोमणाच वाटला. "मोठी माणसं? थट्टा करतेस होय? कोणी सांगितलं तुला माझ्या खोलीतलं?"

"सांगायला कशाला हवं? सारं गाव बोलतंय. भोक काय उगाच लिंपलंस?"

म्हणजे सगळ्यांना कळलंच! आता झाकायचं तरी काय? तुदाने किल्ली घातली आणि दार धाडकन उघडलं. "बघ! डोळे भरून बघ माझा मोठेपणा!"

मांजरं तिच्या पायांतून आत घुसली. उंदीर पोत्याच्या कोपऱ्याला लागलेच होते, पण सांडले होते ते मूठभर जव. बाकी बियाणं शाबूत होतं. कणगीचा तळ मात्र लख्ख दिसत होता.

हेद्दू बघतच राहिली. मग ती मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अगं बाई, एवढंच? माझी झोप उडाली होती गं! गाव म्हणतं तुझ्याकडे मधाचे रांजण आहेत, मग मधातली पोर आमच्याकडे येऊन कोरडी भाकरी कशी खाईल? माझ्या कणगीत तुझ्याहून कमी आहे. लाजेने मी लेकालासुद्धा खरं सांगितलं नाही."

"आणि मी तुलाच भिऊन भोक लिंपलं!"

"मला? विहीणबाई, मला भ्यायला मी काय गारा आहे?"

तुदाच्या छातीवरचा धोंडा उतरला. कितीतरी दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला.

"झालं का तुमचं?" बीहीदादा बाहेरून ओरडला. "मग आता त्या मातीला हात लावा."

दोघींनी बसून भोक मोकळं केलं. ही गोष्ट गावात गेली, तशी एकेका घराची खरी कणगी बोलण्यात येऊ लागली. सगळीकडे तेच! मग लोकांनी लाज बाजूला ठेवली, होतं ते बियाणं एकत्र केलं आणि सगळ्यांची शेतं सगळ्यांनी मिळून पेरली. इत्तोचं लग्न जवाच्या पातळ कण्यांवर आणि ताकावर झालं. पाहुण्यांची पोटं अर्धीच भरली, पण ते नाचले मात्र दमेपर्यंत.

लहानथोरांनी यातून एवढंच घ्यावं: आपलं उणं आपल्या माणसांना सांगून टाकावं, ते झाकायला गेलं, की जवळची माणसंच दूर जातात.