केरबाच्या हातांचे घट्टे

सिंदफणेच्या काठी चिंचखडे नावाचे गाव आहे. गावाच्या वेशीपासून नदीपर्यंत मोठा उतार, आणि त्या उताराच्या तोंडाशी वडाखाली अंतोबा महाराजांची झोपडी होती. महाराज भारी रागीट. दर्शनाला आलेल्या माणसाला आधी विचारत, "आज हातांनी काय केलंस?" उत्तर आले नाही, की नारळासकट परत पाठवत. लोक म्हणतात, महाराजांचा राग लटका होता. मला नाही तसे वाटत. तो खराखुरा राग होता, आणि ज्यांच्यावर निघायचा त्यांनी तो कमावलेला असायचा!

गावाबाहेर केरबा मातंग राहत असे. साठ वर्षे त्याने अंबाडीचे दोर वळले. चैत्रात भैरवनाथाचा रथ निघे, तेव्हा रथाला मागून धरून ठेवणारा दोर केरबाच्या घराण्याचा. उतारावर रथाला ओढावे लागत नाही, आवरावे लागते. ते काम या मागच्या दोराचे. देवळाची पायरी चढायची केरबाला मुभा नव्हती. देवाच्या सेवेत त्याचे म्हणून जे काही होते, ते एवढेच.

त्या वर्षी मुख्य पुजारी त्र्यंबकशास्त्री यांनी तेही काढून घेतले. शहरातून जाड, पांढराशुभ्र दोर आणवला. त्याला हळदकुंकू लावून तो देवळासमोर मांडला. केरबा आपला दोर खांद्यावर घेऊन आला आणि बघतच राहिला. मग खाली बसून त्याने नव्या दोराचा एक पीळ उकलला, वास घेतला, आणि धागा दातांखाली धरून तोडला.

दोर वळणारी माणसे अशीच पारख करतात. आयुष्यभराची सवय ती. पण शास्त्रीबुवा कडाडले, "अरे, देवाच्या दोराला तोंड लावलंस? विटाळ केलास!"

"शास्त्रीबुवा, ह्यो दोर नगं," केरबा हात जोडून म्हणाला. "अंबाडी पान्यात जास्त कुजलीया. वरनं पांढरी दिसती, पन आत जीव न्हाई. उतारावर तुटंल बगा."

"तू मला शिकवणार? वेदशास्त्रांत चाळीस वर्षं घालवली मी. तू साठ वर्षं दोर वळलेस ना? काय मिळवलंस रे त्यातून? हातांवरचे घट्टे!"

भोवतीची मंडळी हसली. हसणाऱ्यांत असेही होते, ज्यांच्या विहिरीवरची मोट केरबाच्या दोरावर चालत होती. त्यांना काय म्हणावे? दोरावर गोमूत्र शिंपडले गेले आणि केरबाला दूर हाकलले.

केरबा महाराजांकडे आला. सारे ऐकून महाराजांचे डोळे लाल झाले. "मग रडत काय बसलास? दोर चांगला आहे ना तुझा?"

"हाय की."

"तर तो घे आणि उताराच्या तोंडाशी उभा राहा. मान गेला तो गेला. तुझं काम कुणी काढून घेतलं नाही."

दुपारी रथ निघाला. चिंचखड्याची रीत अशी, की उतारावर मुख्य पुजाऱ्याने हातात आरती घेऊन, देवाकडे तोंड करून, रथापुढे उलट्या पावलांनी चालायचे. शास्त्रीबुवा तसेच चालत होते. मागचा दोर वीस पहिलवानांनी धरला होता. रथ उताराला लागला, दोराला ताण बसला, आणि दोर कुजक्या चिंधीसारखा तुटला. पहिलवान उताणे पडले. रथ सुटला!

सगळे जिवाच्या आकांताने बाजूला पळाले. शास्त्रीबुवांचा पाय मात्र धोतरात अडकला आणि ते चाकाच्या वाटेतच कोसळले.

पळाला नाही एक केरबा. त्याने आपल्या दोराचा फास रथाच्या मागच्या खुंट्यात टाकला, दुसऱ्या टोकाने वाटेकडेच्या बाभळीला दीड वेढा दिला आणि दोर हातांत धरला. भरधाव ओझे एकदम अडवले तर भला दोरही तुटतो. ते थोडे थोडे सोडत आवरावे लागते. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. साठ वर्षांत हातांनी शिकून ठेवले होते. पण रथ केवढा आणि म्हातारा केवढा! त्याचे पाय मातीत घसरू लागले.

"भैरवनाथा, हात लाव रं!" केरबा ओरडला.

आणि पाठीमागून कोणीतरी दोर धरला. केरबाला श्वास ऐकू आला, ओढ जाणवली. मागे वळून बघायला सवड नव्हती. रथ करकरला, मंदावला, आणि चाक शास्त्रीबुवांच्या छातीपासून वीतभरावर थांबले.

केरबाने वळून पाहिले. मागे कोणीही नव्हते. इतक्या वेगाने दोर हातांतून गेला होता, बाभळीची साल जळाली होती, पण त्याच्या तळहातांवर साधा ओरखडा नव्हता.

तेवढ्यात वडाखालून हाक आली, "अरे, महाराजांना बघा!" महाराज सकाळपासून जागचे हलले नव्हते. त्यांचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते आणि बोटांत अंबाडीचे तंतू रुतले होते.

शास्त्रीबुवा धडपडत आले आणि महाराजांच्या पायांवर पडले. "महाराज, आपण तारलंत!"

"ऊठ!" महाराज गरजले. "इथंही त्याला वगळतोस? मी फक्त ओढलं. फास कुठं टाकायचा, वेढा किती द्यायचा, सोडायचं किती, मला काय ठाऊक! वेढा चुकला असता, तर माझी ओढ गेली असती वाऱ्यावर. अरे, देवालासुद्धा धरायला दोर लागतो. तो ह्यानं वळला. त्यानं काय मिळवलं म्हणून विचारत होतास ना? तुझा जीव मिळवला. जा, त्याचे हात धर."

आजही काही कीर्तनकार ही कथा महाराजांच्या हातांवर संपवतात आणि केरबाचे नाव गाळतात. ऐकून संताप येतो. महाराजांनी ज्याला आधी पुढे केले, त्याला तुम्ही मागे ढकलणारे कोण?

शास्त्रीबुवा खाली मान घालून केरबासमोर गेले आणि त्यांनी हात पुढे केला. केरबाच्या आवाजात राग होता. "सकाळी दोराला तोंड लावलं तर विटाळ झाला. आता ह्या हातांनी न्हाई व्हायचा व्हय, शास्त्रीबुवा?"

साऱ्या गावादेखत शास्त्रीबुवा धुळीत गुडघ्यांवर बसले, केरबाचे दोन्ही हात त्यांनी ओंजळीत घेतले आणि त्या घट्ट्यांवर कपाळ टेकले. केरबाने हात मागे घेतले नाहीत.